रात्री एकट्याने बिबट्याच्या पाळतीवर बसणाऱ्या भावाला कसं आवरायचं?

मळेकर_निफाड | मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र, पण आज झोप येत नाही म्हणून लिहितोय.

आमचा मळा सायखेड्याच्या अलीकडे, गोदाकाठी. तिन्ही अंगांनी ऊस, मधे आमचा कांदा आणि एकरभर द्राक्ष. मागच्या पंधरवड्यात आधी वस्तीवरचा मोत्या गेला, चार दिवसांनी गोठ्यातलं करडू. कूड खालून उचकटून नेलं. सकाळी रक्ताचे चार थेंब आणि उसाच्या पहिल्या सरीपर्यंत ओढल्याची खूण. बाकी काही नाही.

तेव्हापासून थोरला चुलतभाऊ (आम्ही आप्पा म्हणतो) पेटलाय. आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक घरात आहे, परवाना आता आप्पाच्या नावावर. गेली वीस वर्षं ती दसऱ्याला पूजेपुरती बाहेर यायची. आता आप्पा रोज रात्री दहाला ती घेऊन उसाच्या कडेला, पाण्याच्या मोटारीच्या पेटीपाशी खताचं रिकामं पोतं टाकून बसतो. समोर वीस पावलांवर शेळी बांधलेली. डोक्याला बॅटरी, अंगावर घोंगडी. एकटाच. सोबत येतो म्हटलं की खेकसतो, "दोघं असले की कुजबुज होते, मग तो येत नाही." मोबाईल बंद. काकू पहाटेपर्यंत ओसरीवर बसून.

दोनच गोष्टी विचारायच्यात. तो बसणारच असेल तर निदान धडधाकट परत यावा म्हणून काय करू? आणि त्याला उठवायचं कसं? कृपया प्राणीप्रेमावर व्याख्यान नको, तो आत्ता ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही. मीही फारसा नाही.

बांधावरचा_बाबू | मंगळवार, रात्री ११:४१

आप्पांना माझा रामराम सांगा. माझी दोन वासरं गेलीत. नाशकात गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून 'सहजीवन' लिहिणाऱ्यांचं काय जातं? एक बार काढला की पंचक्रोशी शांत झोपेल. सुरक्षिततेचं म्हणाल तर झाडावर बसा म्हणावं, जमिनीवर नको.

मळेकर_निफाड | मंगळवार, रात्री ११:४८

@बाबू, बिबट्या झाडावर चढतो हो.

कोर्टाची_पायरी | बुधवार, सकाळी ७:०५

चहाच्या आधी लिहितोय, कारण वाचल्यावर राहवेना.

परवाना आहे म्हणजे शिकारीची मुभा आहे, हा गैरसमज आधी काढा. बंदुकीचा परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि कलम ९ नुसार त्याची शिकार बंद. आता नीट वाचा. कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत मारणं, विष घालणं, सापळा लावणं, हाकणं आणि आमिष दाखवणं हे सगळं येतं, त्यातला प्रत्येक प्रयत्नसुद्धा. म्हणजे आप्पांनी अजून चाप ओढला नसला तरी ती समोर बांधलेली शेळी आहे ना, गुन्हा तिथूनच सुरू होतो. शिक्षा तीन ते सात वर्षं. दंड २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार.

तुमचा आप्पा म्हणेल, अंगावर आला म्हणून मारला. कलम ११ मध्ये स्वसंरक्षणाची सोय खरोखर आहे. जीव वाचवताना चांगल्या हेतूने प्राणी मेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. पण त्याच पोटकलमाला एक परंतुक आहे, ते कुणी वाचत नाही. बचावाची वेळ आली तेव्हा तुम्ही स्वतःच या कायद्याविरुद्ध काही करत असाल, तर ही सवलत तुम्हाला नाही. आमिष बांधून दबा धरून बसलेल्या माणसाने नंतर 'स्वसंरक्षण' म्हणायचं तर ते कोर्टात टिकवणं फार अवघड. फावडं घेऊन पाणी भरणारा शेतकरी आणि शेळी बांधून बसलेला आप्पा, दोघांच्या अंगावर तोच बिबट्या आला तरी कायद्याच्या लेखी दोघं वेगळे.

माणसाच्या जिवाला धोका झालेला बिबट्या मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तेही पकडणं आणि बेशुद्ध करणं शक्य नाही अशी खात्री झाल्यावर. तो आदेश आप्पांच्या खिशात नाही.

गोदाकाठ_ते_टेक्सास | बुधवार, सकाळी ९:३०

मूळचा पिंपळगाव बसवंतचा, बारा वर्षं टेक्सासात. इथे कोयोट (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतला रानटी प्राणी) मारायला वर्षभर मुभा आहे. खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रात्रीसुद्धा. ऑफिसातल्या एका मित्राच्या मामाची गुरं आहेत, वासरं होण्याच्या दिवसांत मी त्यांच्याबरोबर तीन-चार हिवाळे गेलोय. त्यामुळे रात्री शिकारी प्राण्याच्या मागावर बसणं म्हणजे काय ते थोडंफार ठाऊक आहे. तिथले नियम सांगतो आणि ते आप्पांना का लागू पडत नाहीत तेही.

पहिला नियम, एकटं जायचं नाही. जावंच लागलं तर घरी सांगून जायचं, कुठल्या कुंपणापाशी, किती वाजेपर्यंत. वेळ टळली की घरचे निघतात. दुसरा, जमिनीवर बसलात तर पाठ कशाला तरी टेकलेली हवी, झाडाच्या बुंध्याला नाहीतर गाडीच्या चाकाला. तिसरा, चमकलेल्या डोळ्यांवर गोळी नाही. वासराचेही डोळे चमकतात, कुत्र्याचेही. प्राणी पूर्ण दिसला पाहिजे, त्याच्या मागे काय आहे तेही. चौथा, कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी.

आता जे मला तिसऱ्या हिवाळ्यात कळलं ते. तिथे जखमी सशाचा आवाज काढणारं यंत्र लावतात. एका रात्री आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसलो होतो. मी कोयोटच्या वाटेकडे बघतोय. मामांनी माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला. वळून बघतो तर त्यांच्या बाजूला सात-आठ पावलांवर बॉबकॅट, आपल्या रानमांजराचा थोराड भाऊ म्हणा. आमच्याकडे टक लावून. पालापाचोळ्यात आला, पण पान वाजलं नाही. मामा नंतर म्हणाले ते मराठीत सांगतो. आपण समजतो आपण शिकारी. पण आवाज सशाचा, बसलोय सशाएवढे, तर येणाऱ्याने आपल्याला काय समजावं?

तो बॉबकॅट दहा-बारा किलोचा असेल, उजेड पडताच पळाला. कोयोटही पंधरा किलोच्या आसपास असतो. तुमच्याकडचा नर बिबट्या साठ किलो भरेल. आप्पा घोंगडी पांघरून, उसाकडे तोंड करून, बकरीच्या वासात बसलेत. त्यांच्या पाठीमागे कोण बघतंय?

सिन्नरची_माई | बुधवार, दुपारी २:१५

शिकारीतलं मला कळत नाही. पण रात्री एकटीने रानात असण्याबद्दल सांगू शकते, कारण २०१६ साली हे गेले तेव्हापासून पाणी मीच भरते.

आमच्या फीडरला (शेतीपंपांच्या विजेच्या लायनीला) एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीची आली की गहू वाट बघत नाही, उठावं लागतं. तीन वर्षांपूर्वी पौषात अशीच बारं मोडायला (वाफ्यावाफ्यात पाणी फिरवायला) गेले होते. वाकून फावड्याने माती ओढत होते. कांदा-गहू करणाऱ्यांना माहीत आहे, बारं मोडताना माणूस किती वेळ वाकलेला असतो. पाण्याचा खळखळाट कानात, त्यामुळे दुसरं काही ऐकू येत नाही. बांधावरची टिटवी एकदम केकाटत उठली. मी तशीच वाकलेली, मान वर केली आणि बॅटरी फिरवली. शेजारच्या मक्याच्या कडेला दोन डोळे, माझ्या डोळ्यांच्याच उंचीवर. मी वाकले होते म्हणून.

उभी राहिले. कुणी शिकवलं नव्हतं, राहिले झालं. फावडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि तोंडातून काय निघावं? "काय रे मेल्या, घरी कुणी नाही का तुझ्या?" सासूबाई दारू पिऊन येणाऱ्या दिराला असंच ओरडायच्या. तो दोन क्षण बघत राहिला, मग वळून सावकाश निघून गेला. पळालासुद्धा नाही. तो गेल्यावर मी वाफ्यातच बसले, चिखलात. लुगडं पार भिजलं तरी उठवेना.

तेव्हापासून काय करते ते सांगते. शेजारच्या वस्तीवरची सून आणि मी, एकमेकींच्या बाऱ्याला जातो. एक वाकली की दुसरी उभी. काठीला बैलांचे जुने घुंगरू बांधलेत. गळ्याला मोठ्या मुलाचं जाड मफलर, थंडीलाही बरं. मोबाईलवर गाणी मोठ्याने लावते, पण कानात काही घालत नाही. मक्याकडेचं गवत दोन हात काढून टाकलंय, कारण आडोसा जितका लांब तितकं आधी दिसतं. वाकण्याआधी दर वेळी बॅटरी चारी बाजूंनी फिरवायची. आळस करायचा नाही. मी आळस केला तेव्हाच टिटवी ओरडली होती.

तुमच्या आप्पांना म्हणावं, तुम्ही आपणहून जाऊन बसताय. आम्हाला लाईट बसवते.

ठसे_मोजणारा | बुधवार, सायंकाळी ६:५०

माईंचा प्रतिसाद छापून प्रत्येक स्टार्टरच्या पेटीवर चिकटवावा.

मी वनखात्यात नाही. बिबट्या विहिरीत पडला, उसात पिल्लं सापडली की मदतीला धावणाऱ्या पोरांपैकी एक. धागाकर्त्याला व्याख्यान नको आहे, म्हणून कामाचंच लिहितो. थोडं लांबेल.

आपल्याला वाटतं एखादा चुकार बिबट्या जंगलातून आलाय, तो मारला की संपलं. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली होती. जंगल नाही, नुसता ऊस, मका आणि वस्त्या. तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेवरून आहार काढला, तर वजनाच्या हिशोबात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. शेळ्या त्याच्या बऱ्याच खाली. म्हणजे तुमचा मोत्या पहिला गेला यात नवल नाही. ते तिथेच जन्मतात, उसातच वाढतात. आप्पांनी एक मारला तर ती जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते, आणि येणारा बहुधा तरणा, अननुभवी, त्या भागातल्या माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा न कळणारा.

बंदुकीचं. डिसेंबरात निफाडची थंडी काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. बोटं आखडलेली, वीस वर्षं न चाललेली दुनळी, काडतुसं कधीची देव जाणे, बॅटरीचा हलता उजेड. बार नीट बसेल की जखम होईल? जखमी बिबट्या उसात शिरला की पुढे त्याच्या समोर येणारा माणूस आप्पा नसतो. सकाळी सहाला कोयता घेऊन सरीत शिरणारी ऊसतोड टोळीतली बाई असते. तिचं पोर बांधावरच्या कोपीत झोपलेलं असतं. मला या धाग्यावर सर्वांत जास्त भीती त्या पोराची वाटते.

आणि हे ऊसतोडीचे दिवस आहेत. माद्या उसातच पिल्लं घालतात. शेळीच्या वासाने आलेली मादी असेल आणि मागच्या सरीत पिल्लं असतील, तर ती उजेडाला घाबरून जाणार नाही.

करायचं काय? गोठा. कूड उपयोगाचा नाही. चारी बाजूंनी जाळी, खालून हातभर जमिनीत गाडलेली, आणि वरूनही जाळी किंवा पत्रा. लोक वरचं विसरतात. त्याला आठ फुटांची भिंत म्हणजे पायरी. वस्तीभोवती मेलेल्या कोंबड्या आणि जनावर व्यायल्यावर पडणारी वार टाकणं बंद करा. त्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो. नुकसान झालं की लगेच वनरक्षकाला किंवा १९२६ ला कळवा, पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका, तरच भरपाई मिळते. तारेत वीज सोडायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच काढा. त्यात बिबट्याआधी शेजारचा माणूस मरतो.

समोर आलाच तर माईंनी केलं तेच. उभं राहायचं, मोठं दिसायचं, मोठ्याने बोलायचं, पाठ न दाखवता मागे सरायचं. पळायचं नाही. त्याची जाण्याची वाट अडवायची नाही.

बांधावरचा_बाबू | बुधवार, रात्री ८:३०

सगळं पटतंय, पण मग आम्ही करायचं काय? पिंजरा लावा म्हणून अर्ज दिला तर म्हणतात पिंजरे दुसरीकडे गुंतलेत. माणूस गेला की २५ लाख. पंचवीस लाखांत माणूस परत येतो का? २०२० ला दारणा नदीकाठी बिबट्याच्या हल्ल्यांत लेकरं गेली ते विसरलात? त्या लेकरांच्या आईबापांना विचारा, आकडे ऐकायचेत का त्यांना.

ठसे_मोजणारा | बुधवार, रात्री ९:१०

नाही विसरलो बाबूशेठ. पळसे-सामनगावच्या बाजूला त्या वर्षी मीही रात्री फिरलोय. माणसावर हल्ले होत असतील तर पिंजरा लागलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. तुमचा राग मी खोडत नाही.

पण इथे माणसावर हल्ला झालेला नाही, करडू गेलंय. आणि पिंजऱ्याचा एक धडा आपल्या शेजारीच आहे. जुन्नरमध्ये २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. ओळखीच्या मुलखातून उचलून अनोळखी ठिकाणी टाकलेला प्राणी बिथरतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला पकडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. गळ्यात ठावठिकाणा सांगणारी कॉलर होती म्हणून कळलं, सव्वाशेएक किलोमीटर चालून तो मुंबईच्या नॅशनल पार्कपाशी पोचला. वाटेत कुणाला ओरबाडलंही नाही.

कॉलेजरोडवाली | बुधवार, रात्री ९:४४

शहराला शिव्या पडल्यात म्हणून बोलते. २०१९ च्या जानेवारीत सावरकरनगरमध्ये बिबट्या शिरला तेव्हा मी गच्चीवरून बघत होते. बिबट्यापेक्षा गर्दीच भयंकर. तो एका आवारातून दुसऱ्यात पळत होता आणि लोक मोबाईल वर धरून त्याच्या पुढे. जखमी झाले ते त्याच धावपळीत. २०२३ च्या नोव्हेंबरात तर एकाच दिवशी सिडको आणि गोविंदनगर, दोन बिबटे. आमचे हे म्हणाले, त्यांनाही आता बागायत परवडत नाही, फ्लॅट बघायला आलेत.

सर्पमित्र_नाही_पण | बुधवार, रात्री १०:०२

सगळे बिबट्यात अडकलात. रात्री एकटं शेतात बसणाऱ्याचा जीव घ्यायला घोणस पुरते, आणि ती खताच्या पोत्याखाली ऊब बघून आनंदाने येते. आप्पांच्या पायात काय आहे, चप्पल की गमबूट? शिवाय ओल्या हाताने स्टार्टरची पेटी. आमच्या गावात गेल्या काही वर्षांत बिबट्याने एकही माणूस नेला नाही. सापाने एक आणि करंटने दोन गेले.

बिबट्याचा ओरखडा का होईना, लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट सरकारी दवाखाना. रेबीजची लस आणि सीरम दोन्ही लागतं. हळद-चुना लावून घरी बसू नका.

सुरगाण्याचा_मास्तर | गुरुवार, सकाळी ६:२०

थोडं अवांतर. आमच्या भागात वसुबारसेलाच वाघबारस असते. गावाच्या शिवेवर वाघदेव आहे, दगडावर किंवा लाकडावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले, शेंदूर फासलेला. त्या दिवशी गुराखी पोरं घराघरांतून तांदूळ गोळा करतात, रानात शिजवतात आणि वाघाला वाटा ठेवतात. एक पोरगा वाघ होतो, बाकीचे त्याला पळवून लावतात. मारत नाहीत, शिवेपलीकडे हाकलतात. मी पंचवीस वर्षं बघतोय, वाघ झालेल्या पोरालाच सर्वांत जास्त खीर मिळते.

मळेकर_निफाड | गुरुवार, दुपारी १:३०

सर्वांचे आभार. आप्पाला काल रात्री हे सगळं वाचून दाखवलं. कायद्याचं ऐकून म्हणाला, "बघू." ऊसतोडीच्या पोराचं ऐकून गप्प बसला, पण दहा वाजता पुन्हा निघाला. टेक्सासवाल्या भाऊंचं 'सशाएवढे बसलोय' मात्र त्याने दोनदा वाचायला लावलं. जाताना काकूला म्हणाला, "मी काय ससा आहे का?"

शेळीला घरी ठेव म्हणून मी हात जोडले. नेलीच.

कोर्टाची_पायरी | गुरुवार, दुपारी ३:००

फटाके वाजवा रात्री. शेळी, आप्पा आणि बिबट्या, तिघांचीही बैठक मोडेल.

मळेकर_निफाड | अकरा दिवसांनी, सोमवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. बरेच जण व्यनि (खासगी निरोप) करून विचारत होते.

आप्पा गेल्या सोमवारपासून बसत नाही. झालं ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. पण तो फार बोलत नाही, म्हणून तुटक असेल.

रविवारची रात्र. अडीच-तीनचा सुमार. धुकं उतरलं होतं, पण शेळी दिसत होती. ती बराच वेळ बसून रवंथ करत होती, मग उभी राहिली. आप्पाने दुनळी खांद्याला लावली आणि शेळी बघते तिकडे, म्हणजे उसाकडे, डोळे लावले. तिथे काही नाही. पुन्हा शेळीकडे बघितलं. तिचे कान ताठ, तोंड थांबलेलं, दोरी ताणलेली. आणि ती उसाकडे बघतच नव्हती. आप्पाच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती.

आप्पा म्हणतो, मान वळवायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. बंदूक पुढे, पाय घोंगडीत गुंतलेले. वळून बॅटरी मारली तर धुक्यात नुसता पांढरा पडदा. मग तो उभा राहिला आणि माईंचं आठवलं म्हणे, तर ओरडायला गेला. घशातून आवाजच निघेना. उजाडेपर्यंत पेटीला पाठ लावून उभा होता. घरी आला तेव्हा हात इतके आखडले होते की काकूने बंदूक बोटांमधून सोडवून घेतली.

सकाळी आम्ही दोघं बघायला गेलो. पाटाच्या ओल्या बांधावर ठसे. ठसे_मोजणारा भाऊंना फोटो पाठवले. चार बोटं, नखांची खूण नाही, म्हणजे कुत्रा नव्हे आणि तरसही नव्हे. बांधावरून आला होता, आप्पाच्या पोत्याच्या बरोब्बर मागे अकरा पावलांवर थांबला होता (मी मोजली), तिथे चारही पाय जवळ जवळ उमटलेत, जसं मांजर बसतं. मग आल्या वाटेने परत. शेजारीच लहान ठसे. एक की दोन, ते चिखलात नीट कळेना.

आप्पा त्या लहान ठशांपाशी बराच वेळ उकिडवा बसला होता. मी म्हटलं, उठ, बसू नको असा. तर पटकन उभा राहिला.

गोठ्याला जाळी लावली, वरूनही. करडाच्या भरपाईचा पंचनामा झालाय, पैसे यायचेत. वनरक्षक येऊन गेले, पिल्लं असल्याने पिंजरा नको, त्या बाजूचा ऊस सर्वांत शेवटी तोडायला सांगा म्हणाले. तोडणीच्या मुकादमाला सांगितलंय. दुनळी कपाटात गेली.

सिन्नरची_माई | सोमवार, रात्री १०:५८

देव पावला. काकूंना झोप लागली का?

आमच्याकडची बातमी म्हणजे फीडरला सोलर जोडलंय, गेल्या आठवड्यापासून दिवसाचीच लाईट आहे. गव्हाला दुपारी पाणी देतेय, ऊन खात. शेजारची सून म्हणते, आता आपल्या गप्पा कधी होणार.

मळेकर_निफाड | सोमवार, रात्री ११:०५

लागली माई, दोन दिवस झोपूनच होती. आमच्या फीडरला अजून रात्रीचीच आहे, या आठवड्यात पुन्हा. बाराला येईल. आप्पा आणि मी दोघं जातोय कांद्याला, तो वाकला की मी उभा. घुंगरू मिळाले नाहीत, काठीला पोरीच्या सायकलची घंटी बांधलीय.

गोदाकाठ_ते_टेक्सास | सोमवार, रात्री ११:२०

आणि शेळी?

मळेकर_निफाड | सोमवार, रात्री ११:२६

आहे. ओसरीवर असते आता, आप्पाच्या खाटेशेजारी. कुणी गोठ्यात न्यायला लागलं तर आप्पा खेकसतो. चला, लाईट येईल एवढ्यात.